शंका-समाधान : ऑनलाइन पदवीची पुस्तके आणि आधीची तयारी

जुलैच्या सत्राचे प्रवेश जवळ आले की घरी राहून, नोकरी सांभाळून किंवा मोबाइलवरच पदवी पूर्ण करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे वाढतात, आणि त्यांतील बहुतेकांमध्ये पुस्तकांचा खर्च कसा पेलायचा, हीच चिंता असते. या वेळी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण इतरही अनेकांची आहे.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी गृहिणी आहे. बारावी वाणिज्य शाखेतून झाले आणि लग्नानंतर शिक्षण थांबले. जुलैपासून मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. करण्याचे ठरवले आहे. मार्गदर्शन बहुतांशी ऑनलाइन असेल. ओळखीच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या पुस्तकांची यादी दिली. ती सगळी नवी घ्यायची तर सहा हजारांच्या पुढे जाते, आणि तेवढे मला झेपणार नाही. पुस्तके स्वस्तात कोठे मिळतील? हाताशी असलेल्या दोन-अडीच महिन्यांत काय तयारी करावी? — एक वाचक भगिनी, चाळीसगाव

उत्तर : ती यादी तूर्त बाजूला ठेवा आणि प्रवेश निश्चित होईपर्यंत एकही पुस्तक विकत घेऊ नका. मुक्त विद्यापीठांची रचनाच अशी आहे की विद्यार्थ्याने स्वतः वाचून समजून घ्यावे, या हेतूने लिहिलेली पुस्तके विद्यापीठच तयार करते आणि ती शुल्कातच मिळतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशी स्वयंअध्ययनाची पुस्तके काढत आले आहे, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्यांचा मोठा आधार असतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूमध्ये, छापील संच न घेता केवळ डिजिटल प्रती घेण्याचे मान्य केले तर शुल्कात १५ टक्के सवलत मिळते. शिवाय त्या विद्यापीठाचे पाठ ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात, त्यासाठी प्रवेश घेतलेला असण्याचीही गरज नाही. ओळखीच्या विद्यार्थ्याने दिलेली यादी बहुधा नियमित महाविद्यालयातील, कदाचित दुसऱ्याच विद्यापीठाची असेल. त्याने ती सद्भावनेने दिली असली तरी तुमच्या परीक्षेसाठी तिचा उपयोग किती होईल, हे अभ्यासक्रमपत्रिका पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

म्हणून पहिले काम अभ्यासक्रमपत्रिका मिळवण्याचे. ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते, आणि संकेतस्थळावर सापडली नाही तर अभ्यासकेंद्राच्या संयोजकांकडे मागावी. पत्रिकेचे एक पान नीट वाचायला शिकलात तर बराचसा खर्च तिथेच वाचेल. पानाच्या माथ्यावर विषयाचा संकेतांक असतो. तो वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या, कारण ‘आर्थिक लेखांकन’ या एकाच नावाचे दोन-तीन निरनिराळे विषय असू शकतात आणि त्यांचे घटक वेगळे असतात. नावाच्या पुढे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, लिहिलेले असतात. मुक्त शिक्षणात एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास लागतील आणि एका सत्रात असे पाच विषय असले तर ६०० तास होतील. सत्र २४ आठवड्यांचे धरले तर आठवड्याला २५ तास. हा आकडा पाहून घाबरून जाऊ नका, मात्र घरातल्या मंडळींना तो आत्ताच सांगा. रोज साडेतीन तास कोठून काढायचे, याचा विचार घराने मिळून करायचा आहे, आणि तो प्रवेशाच्या आधी झालेला बरा. पानाच्या शेवटी पुस्तकांची यादी येते. तीत ‘पाठ्यपुस्तके’ आणि ‘संदर्भग्रंथ’ असे दोन भाग असतील तर संदर्भग्रंथ विकत घेण्यासाठी नसतात, ते ग्रंथालयात बसून चाळण्यासाठी असतात. सहा हजारांच्या यादीतील निम्मी नावे पुष्कळदा या दुसऱ्या भागातीलच निघतात.

एवढे करूनही एखादे पुस्तक बाहेरून घ्यावे लागेल. वाणिज्य शाखेत हे विशेषतः लेखांकनाच्या बाबतीत घडते, कारण विद्यापीठाच्या पुस्तकातील सोडवलेली उदाहरणे सरावाला अपुरी पडतात. अशा वेळी जुन्या पुस्तकांचा बाजार उपयोगी पडतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फाउंटनच्या परिसरातील पदपथांवर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी जुनी पुस्तके घेत आले आहेत. चाळीसगावहून त्यासाठी खास प्रवास करण्यात अर्थ नाही, पण नात्यातले कोणी पुण्याला राहत असेल तर त्यांना संकेतांक, लेखकाचे नाव आणि हवी ती आवृत्ती लिहून पाठवा. नुसते ‘बी. कॉम.चे अकाउंट्स’ असे सांगू नका. याहूनही जवळचा मार्ग तुमच्या अभ्यासकेंद्रावरच आहे. आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना आपली पुस्तके मोकळी करायची असतात आणि ती नेमकी तुमच्याच अभ्यासक्रमाची असतात. निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात केंद्रावर चौकशी केलीत तर ती निम्म्या किमतीच्याही खाली मिळणे शक्य आहे.

जुने पुस्तक घेताना आधी मुखपृष्ठ उलटून त्यामागचे, बारीक अक्षरातले पान वाचा. तिथे पहिल्या आवृत्तीचे वर्ष, पुढच्या आवृत्त्यांची वर्षे आणि पुनर्मुद्रणे क्रमाने दिलेली असतात. ‘पुनर्मुद्रण २०२३’ असे दिसले म्हणून पुस्तक २०२३ चे आहे असे समजू नका. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो आणि बदल होतो तो आवृत्तीत. त्यानंतर पुस्तकाच्या मध्यावरची आणि शेवटची पाने तपासा. उदाहरणसंग्रहाची उत्तरे शेवटी असतात आणि नेमकी तीच पाने सुटलेली आढळतात. आधीच्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने केलेल्या खुणांची अडचण होत नाही, पण उदाहरणांखालच्या मोकळ्या जागेत पेनाने उत्तरे लिहिलेली असतील तर ते पुस्तक सरावाच्या कामाचे राहत नाही.

कोणत्या विषयाला जुनी आवृत्ती चालते आणि कोणत्या विषयाला चालत नाही, हा फरक वाणिज्याच्या विद्यार्थ्याने पक्का लक्षात ठेवावा. सूक्ष्म अर्थशास्त्रातील मागणी-पुरवठा, लेखांकनाची मूलतत्त्वे आणि व्यवसाय संघटन यांची दहा वर्षांपूर्वीची आवृत्तीही बहुतांशी उपयोगी पडते. कंपनीविषयक कायद्याला मात्र २०१३ च्या अधिनियमाआधीचे पुस्तक अजिबात घेऊ नका. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला आणि त्याचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा बदलले. आयकराच्या बाबतीत तर १९६१ चा अधिनियम जाऊन २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. कलमांचे क्रमांकही नवे आहेत. त्यामुळे करविषयक पुस्तक कोणी फुकट दिले तरी तुमच्या परीक्षेला कोणता कायदा धरला आहे, हे पत्रिकेत पाहिल्यावाचून त्यावर अभ्यास करू नये. अशा पुस्तकावर वाचवलेले शंभर-दोनशे रुपये पुढे पुरवणी परीक्षेच्या शुल्कात जातात, आणि वाया गेलेले सत्र काही परत येत नाही.

आता हाताशी असलेल्या दोन-अडीच महिन्यांविषयी. शिक्षणात इतका खंड पडल्यानंतर पहिल्या वर्षाची पुस्तके आधीच उघडून बसण्यापेक्षा अकरावी-बारावीची पुस्तके पुन्हा वाचणे अधिक हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मराठी माध्यमातून विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ हे पुस्तक घ्या आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज, अंतिम खाती या क्रमाने रोज एक उदाहरण हाताने, वहीत रकाने आखून सोडवा. नुसते वाचू नका. तेरीज जुळली नाही तर उत्तर न पाहता चूक शोधण्याचा प्रयत्न करा, कारण लेखांकन खऱ्या अर्थाने कळते ते चूक शोधतानाच. सोबत प्रत्येक पारिभाषिक शब्दाचे मराठी आणि इंग्रजी रूप शेजारी शेजारी लिहीत चला : घसारा आणि डेप्रिसिएशन, ताळेबंद आणि बॅलन्स शीट. पुढे व्हिडिओ व्याख्यानांत शिक्षक इंग्रजी शब्द वापरतात आणि पुस्तकात मराठी येतात. ही यादी तयार असेल तर पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडणार नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगणे मला आवश्यक वाटते. तुमच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असेल आणि आधार कार्डावर सासरचे. आता श्रेयांक नोंदवण्यासाठी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे खाते लागते. ते आधारशी जोडलेले असते, आणि दोन्हीकडची नावे जुळली नाहीत तर ऐन प्रवेशाच्या वेळी अर्ज अडकतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा. विद्यापीठ नावबदलाचे राजपत्र मागत असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, पण त्याला वेळ लागतो. तेव्हा पुस्तकांच्याही आधी हे काम हाती घ्या. लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या किती तरी भगिनींचे वर्ष अभ्यासाच्या भीतीपेक्षा नावातल्या या फरकामुळेच हुकते.

प्रश्न : माझ्या मुलाने बारावीनंतर एका खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीसाठी चौकशी केली. तेव्हापासून तेथील समुपदेशक म्हणवणाऱ्या व्यक्तीचे रोज फोन येतात. शुल्काव्यतिरिक्त बारा हजारांचा ‘अभ्याससंच’ घेणे बंधनकारक आहे आणि तो आजच घेतला तर सूट मिळेल, असे ती व्यक्ती सांगते. आम्ही शेतकरी आहोत. हा संच घ्यावा का? आणि अशी पदवी नोकरीला चालते का? — एक पालक, जि. हिंगोली

उत्तर : आज काहीही घेऊ नका. जी गोष्ट खरोखर बंधनकारक असते तिची रक्कम विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत शुल्काच्या तक्त्यात छापलेली असते, आणि ती विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रणालीतून, विद्यापीठाच्याच खात्यात भरायची असते. समुपदेशकाला एवढेच सांगा की माहितीपुस्तिकेचे ते पान पाठवा. पान आले नाही तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा. रक्कम एखाद्या व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर किंवा निराळ्याच संस्थेच्या खात्यात मागितली जात असेल तर फोन घेणेही बंद करा. ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम दलालांमार्फत किंवा फ्रँचायझी देऊन चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे.

पदवीच्या वैधतेविषयी तुमची काळजी योग्य आहे, आणि तिचे निरसन तुम्ही स्वतः करू शकता. हे अभ्यासक्रम आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार चालतात. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दरवर्षी आणि दर सत्राला कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे, याची यादी असते. केवळ विद्यापीठाचे नाव पाहून थांबू नका, मुलाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचे नाव आणि चालू सत्र ही दोन्ही त्या यादीत सापडली पाहिजेत. एका विद्यापीठाच्या एका पदवीला मान्यता असते आणि दुसरीला नसते, असेही घडते. अशी मान्यता असलेली पदवी नियमित महाविद्यालयातून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी यांसारखे काही अभ्यासक्रम मात्र या पद्धतीने चालवण्यास परवानगीच नाही. त्यांची जाहिरात कोणी केली तर तेथून दूर राहा. शिवाय २०२४ पासून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डेब आयडी’, म्हणजे आयोगाच्या याच दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. तो मुलाने स्वतःच, स्वतःच्या मोबाइलवर काढावा. त्याचा संकेतशब्द समुपदेशकाच्या हाती देऊ नये.

संचाविषयी आणखी एक सांगतो. ऑनलाइन पदवीत वाचनसाहित्य, ध्वनिचित्रित व्याख्याने, चर्चेची जागा आणि मूल्यमापन हे चारही भाग विद्यापीठाने स्वतः पुरवायचे असतात. ते शुल्कातच आले. त्यावर छापील पुस्तके हवी असतील तर घ्यावीत, पण त्यासाठी बारा हजार द्यावे लागत नाहीत. पावतीवर जीएसटी लावलेला दिसला तर तेही विचारा, कारण छापील पुस्तकांवर जीएसटीचा दर शून्य आहे. कर लावला जात असेल तर पैसे पुस्तकांचे नसून दुसऱ्या कशाचे तरी आहेत.

त्याच पैशातील थोडा भाग मुलाच्या पूर्वतयारीकडे वळवावा. गावात वीज आणि इंटरनेट दोन्ही वेळेवर असतीलच असे नाही, म्हणून रात्री किंवा पहाटे व्याख्याने उतरवून ठेवण्याची सवय त्याने आत्ताच लावून घ्यावी. स्वाध्याय हाताने लिहून, मोबाइलने स्कॅन करून, एकाच पीडीएफमध्ये पानांचा क्रम बिघडू न देता आणि ठरलेल्या आकाराच्या मर्यादेत पाठवता येणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. घरच्या दहा पानांवर दोनदा सराव केला तर ते येते, पण शेवटच्या तारखेला रात्री पहिल्यांदा करून पाहिले तर हमखास चुकते. या अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत भार असतो, त्यामुळे न पोहोचलेला स्वाध्याय महाग पडतो. दोन हजारांच्या आत एक चांगला वाचनदिवा, मोबाइल उभा ठेवण्याचा स्टँड आणि वह्या असे सगळे येऊ शकेल.

प्रश्न : आमच्या गटात टेलिग्रामवर सर्व पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. काही जण म्हणतात की दिल्लीच्या न्यायालयाने विद्यार्थ्यांना झेरॉक्स काढण्याची परवानगी दिली आहे, म्हणून यात गैर काही नाही. हे खरे आहे का? — बी. ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : निकाल खरा आहे, पण त्याचा असा अर्थ काढणे बरोबर नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशन संस्थांनी दावा केला होता. प्राध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र बांधून ते दुकान विद्यार्थ्यांना देत असे. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी हा दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने, शिकवण्याच्या ओघात जेवढा भाग आवश्यक आहे तेवढ्याच्या प्रती काढणे प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार चालते, अशी भूमिका घेतली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा फार मोलाचा निकाल आहे आणि महाग पुस्तकांपुढे हतबल झालेल्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा. परंतु न्यायालयापुढे प्रश्न होता तो शिक्षकाने नेमलेल्या वाचनासाठी काढलेल्या प्रतींचा. कोणीतरी संपूर्ण पुस्तक स्कॅन करून हजारो अनोळखी लोकांना वाटणे ही गोष्ट त्यात बसत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात आणि त्यांचे लेखक बहुतेक वेळा महाविद्यालयीन शिक्षकच असतात. त्यांची पुस्तके अशी फिरू लागली तर पुढची सुधारित आवृत्ती काढायला प्रकाशक धजावत नाही, आणि त्याची झळ शेवटी तुमच्यानंतरच्या विद्यार्थ्यांनाच बसते.

व्यवहाराच्या दृष्टीनेही या फायली फारशा भरवशाच्या नसतात. आवृत्ती कोणती हे कळत नाही, मधली पाने नसतात आणि तक्ते वाचता येत नाहीत. उलट कायदेशीर आणि विनामूल्य असे इतके काही उपलब्ध आहे की तेच वाचून संपत नाही. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय नाव नोंदवून कोणालाही वापरता येते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठीय विषयांचे अभ्यासक्रम चालतात. त्यांत नाव नोंदवणे आणि शिकणे विनामूल्य आहे, पैसे लागतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच. त्यांची सत्रे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात, म्हणजे तुमच्या सत्राबरोबरच. विद्यापीठाने मान्यता दिलेली असेल तर तेथील श्रेयांक पदवीतही धरले जातात, पण हे आधी लेखी विचारून घ्यावे. इंग्रजीतून वाचण्याची तयारी असेल तर अमेरिकेतील राइस विद्यापीठाने २०१२ पासून चालवलेल्या ‘ओपनस्टॅक्स’ प्रकल्पाची मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची पाठ्यपुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत. ती उतरवून घेणे, छापणे आणि मैत्रिणीला देणे यांतले काहीही गैर नाही. त्यांतील उदाहरणे अमेरिकेची असतात, म्हणून संकल्पना तेथून समजून घ्यावी आणि परीक्षेसाठी उदाहरणे आपल्या पुस्तकातील वापरावीत.

झेरॉक्स काढायचीच असेल तर आधी प्रकरण वाचून पाहा. ज्या पानांवर तुम्हाला खुणा करायच्या आहेत किंवा जी पुन्हा पुन्हा लागणार आहेत तेवढीच पाने पाठपोट काढून घ्या. सगळे पुस्तक काढून घेण्याचा मोह होतो, पण स्पायरलने बांधलेला तो गठ्ठा न वाचलेलाच राहिल्याचे मी पुष्कळ विद्यार्थ्यांच्या टेबलावर पाहिले आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी बडोद्याला राहतो आणि महाराष्ट्रातील एका विद्यापीठातून एम. ए. (मराठी) दूरस्थ पद्धतीने करणार आहे. परीक्षेचे केंद्र माझ्या मूळ गावाजवळ, नंदुरबारला आहे. यादीतील बरीच पुस्तके बाजारात मिळत नाहीत. येथे बसून ती कशी मिळवावीत आणि आधी कोणती वाचावीत? — एक वाचक, बडोदे

उत्तर : मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला पैशांपेक्षा पुस्तक न मिळण्याची अडचण मोठी असते, हे तुम्ही योग्य हेरले आहे. तुमच्या सोयीची पहिली जागा म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने संशोधनाची, भाषाशास्त्राची, चरित्रांची आणि समग्र वाङ्मयाची अनेक पुस्तके काढली आहेत. त्यांपैकी पुष्कळशी मंडळाच्या संकेतस्थळावर पूर्ण स्वरूपात विनामूल्य वाचता येतात, आणि छापील प्रती शासकीय ग्रंथागारांत अल्प किमतीत मिळतात. मराठी विश्वकोशही संपूर्ण ऑनलाइन आहे. एखाद्या ग्रंथकाराची किंवा वाङ्मयप्रकाराची पहिली ओळख करून घेण्यासाठी त्याच्याइतके नेमके साधन मला दुसरे दिसत नाही. प्रतिलिप्यधिकार आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील बहुतेक लेखकांचे मूळ साहित्य आता सर्वांसाठी मोकळे झाले आहे, आणि त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातून शोधता येतात. अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना किंवा टीपा मात्र त्यात येत नाहीत, त्यांचा हक्क वेगळा असतो.

यानंतर राहतात ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समीक्षेची, आवृत्ती संपलेली पुस्तके. ती जुन्या ग्रंथालयांतच सापडतील. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील आहे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधील. पुणे नगर वाचन मंदिर तर त्यांच्याही आधीचे, १८४८ सालचे आहे. सुट्टीत मुंबई-पुण्याकडे येणे होणार असेल तर एक दिवस यांपैकी एका ठिकाणच्या संदर्भ विभागासाठी राखून ठेवा, यादी आधी कळवा आणि पुस्तके काढून ठेवता येतील का, हे विचारा. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे ग्रंथालय आणि शहरातील मध्यवर्ती ग्रंथालय तुमच्या गावातच आहेत. सयाजीराव गायकवाडांच्या काळापासून तेथे मराठी ग्रंथांचा संग्रह होत आला आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही मिळणार नाही अशी सोय तुम्हाला तेथे मिळू शकते. बाहेरच्या वाचकाला बसून वाचण्याची परवानगी कशी मिळते, याची चौकशी प्रवेश होण्याची वाट न पाहता करून ठेवा.

पुण्यातील मित्राने पुस्तके पाठवायची असतील तर भारतीय टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. शैक्षणिक आणि सांस्कृतिक छापील पुस्तकांसाठी तिचे दर कमी ठेवलेले आहेत. पाकिटे रस्ता आणि रेल्वेमार्गाने जातात, तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच मागवावीत, परीक्षेच्या तोंडावर नाही.

आधी काय वाचावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे की समीक्षेपूर्वी मूळ साहित्यकृती वाचा. एम. ए.च्या पत्रिकेत नेमलेल्या कादंबऱ्या, नाटके आणि कवितासंग्रह सत्र सुरू होण्याआधी एकदा, परीक्षेचा विचार बाजूला ठेवून सलग वाचून काढावेत, आणि प्रत्येकाविषयी स्वतःच्या शब्दांत एक पान लिहून ठेवावे. नंतर मार्गदर्शक पुस्तके आणि ध्वनिमुद्रित व्याख्याने समोर आली की बहुतेकांचे स्वतःचे मत त्यांच्याखाली दबून जाते, आणि मग सगळ्या उत्तरपत्रिका एकसारख्या दिसू लागतात. भाषाविज्ञानाचा विषय मात्र याला अपवाद आहे. त्यात स्वनिम (अर्थभेद करणारे ध्वनीचे एकक), रूपिम (अर्थ असलेले लहानात लहान एकक) या संकल्पना कोणीतरी समजावून दिल्याशिवाय एकट्याने वाचणे जड जाते, म्हणून तो व्याख्याने सुरू झाल्यावरच हाती घ्यावा आणि त्याचे पुस्तकही तोपर्यंत विकत घेऊ नये.

नंदुरबारच्या केंद्रावर स्वाध्याय प्रत्यक्ष द्यायचे आहेत की ऑनलाइन पाठवायचे आहेत, हे केंद्र संयोजकांकडून आत्ताच विचारून घ्या. प्रत्यक्ष द्यायचे असतील तर त्या तारखा नोकरीच्या रजेशी जुळवाव्या लागतील, आणि रजेचा अर्ज करण्यासाठी तुम्हाला वेळापत्रकाची छापील प्रत लागेल.